पेनड्राइव्हमधल्या ठिपक्यांपासून चालणाऱ्या सांगाड्यापर्यंत: मोशन डेटा बघायला सुरुवात कशी करायची

परवा एका ज्युनिअर मुलीचा फोन आला. फिजिओथेरपीत मास्टर्स करतेय, थिसिसला चालण्याचं अ‍ॅनालिसिस घेतलंय. लॅबने तिच्या हातात पेनड्राइव्ह दिला, त्यात चाळीस फाइल्स, सगळ्यांच्या शेपटाला डॉट सी-थ्री-डी, आणि डबल क्लिक केलं की विंडोज विचारतंय ही फाइल कशात उघडू. "ताई, गाइड म्हणतायत पुढच्या आठवड्यात ग्राफ दाखव, मी सुरुवात कुठून करू?" तासभर बोललो आम्ही. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय, कारण हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच आणि मराठीत यावर सापडत काहीच नाही.

आधी त्या फाइलमध्ये असतं काय ते समजून घ्या. लॅबमध्ये माणसाच्या अंगावर, म्हणजे कमरेच्या हाडावर, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यावर, टाचेवर अशा ठरलेल्या जागी छोटे चकचकीत गोळे चिकटवतात. साधारण १४ मिलिमीटरचे, छोट्या बोराएवढे. त्यांना मार्कर म्हणतात. भोवती इन्फ्रारेड कॅमेरे असतात, ते सेकंदाला १०० वेळा बघतात की प्रत्येक गोळा कुठे आहे, आणि किमान दोन कॅमेऱ्यांना एकच गोळा एकाच वेळी दिसला तर त्याची जागा तीन आकड्यांत काढता येते, पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे किती आणि वर किती. आता हिशोब करा, ३५ मार्कर, प्रत्येकाचे ३ आकडे, सेकंदाला १०० वेळा, म्हणजे एका सेकंदाला साडेदहा हजार आकडे आणि चार सेकंद चाललं तर ४२ हजार. शिवाय जमिनीत फोर्स प्लेट बसवलेल्या असतात, पायाने जमिनीला किती जोर लावला ते त्या मोजतात, बहुतेक वेळा सेकंदाला १००० वेळा. हे सगळं एका फाइलमध्ये.

ती फाइल म्हणजे सी-थ्री-डी. अमेरिकेत अँड्र्यू डेनिस यांनी १९८६-८७ मध्ये हा फॉरमॅट बनवला, आणि तो आजही जगभरच्या लॅबमध्ये चालतो. तीन पुडांचा डबा समजा. वरच्या पुडात छोटी ओळख, म्हणजे किती मार्कर, किती फ्रेम (एक फ्रेम म्हणजे टिपलेला एक क्षण), सेकंदाला किती वेळा मोजलं. मधल्या पुडात बारकावे, म्हणजे मार्करची नावं, युनिट मिलिमीटर आहे की मीटर, फोर्स प्लेट जमिनीवर नेमकी कुठे आहे. खालच्या पुडात मुख्य जेवण, आकडेच आकडे. बरेच जण मधला पूड उघडतच नाहीत आणि मग निम्म्या चुका तिथूनच होतात.

हा डबा उघडून बघायला मी मोक्का नावाचं सॉफ्टवेअर सुचवते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आर्नो बारे यांनी बायोमेकॅनिकल टूलकिट नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच बनवला, तिच्यावर हे उभं आहे. बरीच वर्षं नवीन व्हर्जन आलेलं नाही हे खरं, पण पहिल्यांदा डेटा बघायचा तर अजूनही माझा हात तिकडेच जातो, कारण फाइल उघडली की काहीही सेट न करता काळ्या पडद्यावर ठिपके दिसतात, प्ले दाबलं की ते ठिपके चालायला लागतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा अंगावर काटा येईल. हाडं नाहीत, चेहरा नाही, नुसते ठिपके आहेत, तरी कळतं की माणूस चालतोय, आणि ओळखीचा असला तर चालण्यावरून तोही कळतो. पाय प्लेटवर पडला की जमिनीतून एक बाण वर येतो, तो म्हणजे जमिनीने पायाला दिलेला जोर. नेहमीच्या चालीत त्या जोराच्या ग्राफला दोन उंचवटे असतात, टाच टेकून वजन अंगावर घेताना एक आणि पंजाने ढकलताना दुसरा, दोन्ही शरीराच्या वजनापेक्षा थोडे जास्त, आणि मध्ये एक खड्डा. उंटाच्या पाठीसारखा आकार. तो दिसला की समजा प्लेट बरोबर चालतेय.

आता माझा सगळ्यात मोठा आग्रह. पहिल्या दिवशी काहीही मोजू नका. फक्त बघा. फाइल हळू स्पीडने तीनदा चालवा, समोरून, बाजूने, वरून. मग टाचेचा मार्कर ओढून ग्राफवर टाका आणि त्याची उंची बघा. पाऊल जमिनीवर असताना रेघ सपाट, पाय उचलला की डोंगर, परत सपाट, असं दिसायला पाहिजे. मध्येच रेघ तुटली असेल किंवा एकदम शून्यावर कोसळून परत वर आली असेल तर तो पेशंट धडपडलेला नाही, तो मार्कर त्या क्षणी कॅमेऱ्यांना दिसलाच नाही, हात आडवा आला असेल किंवा दुसरा पाय. न दिसलेल्या मार्करच्या जागी फाइलमध्ये बऱ्याचदा शून्य, शून्य, शून्य असतं आणि सोबत 'रेसिड्युअल' नावाच्या खान्यात उणे १ लिहिलेलं असतं, म्हणजे हा आकडा धरू नका. फाइल इमानदारीने सांगतेय, पण तो खाना न बघता कुणी सरळ एक्सेलमध्ये सरासरी काढली तर ती शून्यंही सरासरीत जातात. मी स्वतः असा एक रिपोर्ट बघितलाय, कुठला ते सांगत नाही, त्यात पावलाची लांबी एवढी कमी आलेली की पेशंटला पार्किन्सन्स असल्यासारखं वाटावं, आणि कारण होतं टाचेचा मार्कर अकरा फ्रेम गायब. अकरा फ्रेम म्हणजे सेकंदाचा नववा हिस्सा. तेवढ्यावरून त्या आजोबांना अजून तपासण्या लिहून दिल्या असत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे अदलाबदली. दोन्ही घोटे चालताना एकमेकांजवळून जातात तेव्हा सॉफ्टवेअर कधी कधी डाव्याला उजवा समजतं. ठिपके रेघांनी जोडून बघितले की ते लगेच दिसतं, कारण मांडीपासून पायापर्यंतची रेघ अचानक दुसऱ्या पायावर उडी मारते, पण आकड्यांच्या तक्त्यात ते शोधायला गेलात तर डोळे फुटतील.

एवढं सगळं ठीक दिसलं की मगच ओपनसिमकडे वळा. मोक्कात ठिपके दिसतात, ओपनसिममध्ये त्या ठिपक्यांच्या आत सांगाडा उभा राहतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट डेल्प यांच्या गटाने हे बनवलं, २००७ मध्ये लोकांसाठी खुलं केलं, आणि तेही फुकट. डाउनलोड करून पहिल्यांदा उघडलं की सोबत सॅम्पल मॉडेल्सचा फोल्डर मिळतो. त्यातलं गेट-२३९२ उघडा. नावातच सगळं आहे, २३ म्हणजे इतक्या प्रकारे ते हलू शकतं आणि ९२ म्हणजे स्नायूंच्या इतक्या दोऱ्या त्याला जोडल्यात, काही मोठ्या स्नायूंना एकाहून जास्त. लाल दोऱ्यांनी गुंडाळलेली कळसूत्री बाहुलीच. हात नाहीत, घाबरू नका, चालण्याच्या अभ्यासासाठी केलेलं आहे, कमरेखालचं सगळं बारकाईने आणि वर नुसतं धड.

इथेही घाई नको. स्वतःचा डेटा अजिबात लोड करू नका. बाजूला स्लायडर्स दिसतील, हिप, गुडघा, घोटा. गुडघ्याचा स्लायडर ओढा, पाय वाकेल. आता मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगकडे लक्ष द्या. हा स्नायू हिप आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. गुडघा वाकवला की तो आखूड होतो. पण हिप वाकवला, म्हणजे मांडी पुढे उचलली, की तोच स्नायू ताणला जातो. दोन्ही एकत्र करा, थोडा हिप थोडा गुडघा, आणि प्लॉटरमध्ये, म्हणजे ओपनसिमच्या ग्राफ काढायच्या खिडकीत, त्याची लांबी बघा. हे आपण पहिल्या वर्षाला पाठ करतो, पण स्लायडर हलवताना जे डोक्यात बसतं ते पुस्तकाने बसत नाही. मी विद्यार्थ्यांना यावर पूर्ण एक दुपार घालवायला लावते.

का, ते सांगते. सेरेब्रल पाल्सी असलेली कितीतरी मुलं गुडघ्यात वाकून चालतात, त्याला क्राउच गेट म्हणतात. बघणाऱ्याला साहजिक वाटतं की मागचा स्नायू आखूड झालाय, म्हणून गुडघा सरळ होत नाही, मग ऑपरेशन करून तो लांब करू. पण ही मुलं नुसती गुडघ्यात वाकत नाहीत, हिपमध्येही वाकतात, आणि आत्ताच स्लायडरवर बघितलं तसं हिप वाकला की हॅमस्ट्रिंग ताणला जातो. डेल्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मॉडेल वापरून हेच तपासलं तेव्हा दिसलं की क्राउचमध्ये चालणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये चालताना हॅमस्ट्रिंगची लांबी नॉर्मल किंवा जास्तच असते. म्हणजे जो स्नायू आखूड नाहीच तो कापून लांब केला असता. ओपनसिमच्या पहिल्याच ट्युटोरियलमध्ये हा प्रश्न दिलेला आहे, नॉर्मल चाल आणि क्राउच चाल शेजारी शेजारी लावून लांबीचे ग्राफ काढायचे. ते एक ट्युटोरियल मनापासून केलंत तर हे सॉफ्टवेअर कशासाठी आहे हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.

मग येतो खरा क्रम. ओपनसिमला मार्करचा डेटा साधारण टीआरसी नावाच्या फाइलमध्ये लागतो, ती साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. उघडाच एकदा. वरती सेकंदाला किती फ्रेम, एकूण किती, किती मार्कर, युनिट कुठलं हे ओळीत लिहिलेलं असतं, त्याखाली मार्करची नावं, त्याखाली आकडे. ती ओपनसिममध्ये प्रिव्ह्यू करून बघा, आणि इथे दहापैकी सात जणांचा माणूस जमिनीवर आडवा झोपलेला दिसतो. काही बिघडलेलं नाही. बहुतेक लॅबमध्ये वरची दिशा म्हणजे झेड धरतात आणि ओपनसिममध्ये वरची दिशा वाय आहे. सगळा डेटा एक्स अक्षाभोवती उणे ९० अंश फिरवला की माणूस उभा राहतो. हाताने आकडे बदलत बसू नका, फिरवायची स्क्रिप्ट वापरा नाहीतर एखादं चिन्ह चुकतं आणि माणूस आरशातला होतो, डावा पाय उजवीकडे.

पुढे स्केलिंग. मूळ मॉडेल साधारण १.८ मीटर उंच आणि ७५ किलोचं आहे, तुमची पेशंट पाच फुटी आजी असेल तर तिला तो सांगाडा कसा बसणार. शिंपी जसा माप घेऊन कापड बेततो तसंच इथे, पेशंट स्थिर उभा असतानाची एक वेगळी रेकॉर्डिंग घेतलेली असते, त्यात हिप आणि गुडघ्याच्या मार्करमधलं अंतर मोजायचं, मॉडेलमध्ये तेच अंतर मोजायचं, आणि भागाकार. मॉडेलमध्ये ४० सेंटिमीटर आणि पेशंटमध्ये ३६ असेल तर ते हाड ०.९ पट. असं प्रत्येक हाडाला. वजन वेगळं द्यावं लागतं, सॅम्पलमधल्या माणसाचं ७२.६ किलो दिलेलं आहे. तुमच्या पेशंटचं वजन भरायला विसरू नका, सेटअप फाइल कॉपी करताना हा आकडा तसाच राहतो आणि मग तुमची आजी ७२.६ किलोची होऊन बसते. स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नाही, पण पुढचे सगळे जोर चुकतात.

त्यानंतर इन्व्हर्स किनेमॅटिक्स. नाव जड आहे, काम साधं. मॉडेलवर गुलाबी मार्कर असतात, ते सॉफ्टवेअरचे. लॅबमधून आलेले निळे. प्रत्येक फ्रेमला सॉफ्टवेअर सांगाड्याचे सांधे असे वाकवतं की गुलाबी मार्कर निळ्यांच्या जास्तीत जास्त जवळ जातील. शंभर टक्के जुळत नाहीत, कारण मार्कर कातडीवर असतो, हाडावर नाही, आणि कातडी हलते, मांडीवर तर चांगलीच हलते. म्हणून प्रत्येक मार्करला वजन, म्हणजे किती महत्त्व, ते द्यायची सोय आहे, कमरेच्या हाडावरचा भरवशाचा त्याला जास्त, मांडीच्या मधल्याला कमी. चालू असताना खाली मेसेजेसच्या खिडकीत ओळी पळतात, या फ्रेमला सरासरी चूक एवढी, सगळ्यात जास्त चूक एवढी, आणि कंसात त्या मार्करचं नाव. ही खिडकी बंद करू नका! ओपनसिम शिकवणाऱ्यांचा स्वतःचा अंदाज असा की सरासरी २ सेंटिमीटरच्या आत आणि सगळ्यात जास्त २ ते ४ सेंटिमीटरच्या आत राहिली पाहिजे. कंसात सारखं एकच नाव येत असेल तर तो मार्कर चुकीच्या जागी लावलाय किंवा मॉडेलवर चुकीच्या जागी बसवलाय. सारखी नावं बदलत चूक मोठी राहत असेल तर स्केलिंगच गंडलंय, मागे जा.

मग ग्राफ येतो. गुडघ्याचा कोन लावा. निरोगी चालीत टाच टेकल्यावर गुडघा थोडा वाकतो, सरळ होतो, आणि पाय हवेत असताना साधारण ६० अंशांपर्यंत वाकतो. तो मोठा डोंगर दिसायला हवा. पण गेट-२३९२ मध्ये तुम्हाला डोंगर नाही, दरी दिसेल, उणे ६०. कारण या मॉडेलमध्ये गुडघा वाकणं हे उणे धरलंय. आणि नंतर आलेलं राजगोपाल मॉडेल, २०१६ चं, त्यात तेच अधिक धरलंय. दोन्ही बरोबर, पण एका थिसिसमध्ये दोन मॉडेल मिसळले आणि चिन्ह तपासलं नाही तर गुडघा उलटा वाकणारा माणूस तयार होतो. हे कोन ज्या फाइलमध्ये येतात त्या मोशन फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते, कोन डिग्रीत आहेत का, हो किंवा नाही. तीही वाचा, रेडियनचा आकडा डिग्री म्हणून वाचला गेला तर ६० अंशांच्या जागी १ अंश दिसतो आणि माणूस काठीसारखा ताठ चालतो.

फिल्टरबद्दल दोन शब्द, कारण यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जोर काढायचा तर प्रवेग लागतो आणि प्रवेग म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. समजा एका फ्रेममध्ये मार्कर नुसता १ मिलिमीटर चुकला. फ्रेम सेकंदाला १००, म्हणजे दोन फ्रेममध्ये ०.०१ सेकंद. गणित केलंत तर त्या एका मिलिमीटरमुळे प्रवेगात २० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक येते, गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट! जागेच्या ग्राफमध्ये जी खोट डोळ्यालाही दिसत नव्हती ती जोराच्या ग्राफमध्ये काटेरी कुंपण होऊन येते. म्हणून आधी गाळून घ्यायचं. साध्या चालण्याला ६ हर्ट्झच्या आसपासचा लो-पास फिल्टर, म्हणजे संथ हालचाल ठेवून झपाट्याची थरथर गाळणारा, बरेच जण वापरतात. पण धावणं, उडी, बोलिंग याला तोच आकडा लावलात तर खऱ्या हालचालीचा शेंडाच कापला जाईल. क्रिकेटमध्ये बोलरचा हात वर जाताना आडवा झाल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये हा नियम आहे, आणि तो अशाच मार्कर लावून तपासला जातो. १४ आणि १६ मधल्या फरकावर एखाद्याचं करिअर थांबू शकतं, तिथे फिल्टर किती लावला आणि कोपरावर गोळा कुठे चिकटवला हे दोन अंश इकडे-तिकडे करू शकतं. म्हणून फिल्टरचा आकडा थिसिसमध्ये लिहायचाच, आणि का निवडला तेही.

ज्यांच्याकडे लॅबच नाही त्यांच्यासाठी किनोव्हिया आहे, विंडोजवर फुकट चालतं, मोबाइलचा व्हिडिओ टाकून त्यावर कोन मोजता येतात, फक्त कॅमेरा एकदम काटकोनात आणि स्टँडवर ठेवा, तिरका झाला की कोन खोटा येतो. आणि दोन आयफोन किंवा आयपॅड जमवता आले तर ओपनकॅप बघा, तेही स्टॅनफर्डचंच, मार्कर न लावता व्हिडिओवरून ओपनसिमचा सांगाडा काढून देतं. छोट्या गावातल्या क्लिनिकला हे फार मोलाचं ठरेल असं मला मनापासून वाटतं, पण सवय तीच ठेवा, सांगाडा आधी चालवून बघायचा, आकडा नंतर.

त्या मुलीने गाइडकडून दोन आठवडे मागून घेतले आणि मिळाले. रोज तीन फाइल्स बघते, वहीत एकेक ओळ लिहिते. काल रात्री मेसेज आला, सतरा झाल्या, चारमध्ये मार्कर गायब होते त्यातल्या तीनमधली रिकामी जागा भरून निघतेय, एकीत डावा-उजवा घोटा बदललेला होता, आणि नवव्या फाइलमधले काका डावा पाय थोडा ओढतात असं तिला ठिपक्यांवरून वाटलं म्हणून तिने केसपेपर काढून बघितला तर तीन वर्षांपूर्वी त्यांचं डाव्या हिपचं ऑपरेशन झालेलं.